आधी जोखायचं, मग जोखीम



गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक ताई म्हणते, "नको बाई, आपल्याला भीती वाटते." दुसरी म्हणते, "घेऊन टाकू, होईल ते होईल." पहिलीला आपण भित्री म्हणतो आणि दुसरीला धीट. पण दोघींचं एक काम करायचं राहिलेलंच असतं. एकीनं न मोजता नाही म्हटलं, दुसरीनं न मोजता हो म्हटलं.

आपल्या भाषेत जोखणं म्हणजे वजन करणं, तोलून बघणं. सोनार सोनं जोखतो, आपण माणूस जोखतो. आणि जोखीम म्हणजे धोका. पण जुन्या बाया हा शब्द आणखी एका अर्थानं वापरतात. लग्नाला निघालेल्या सुनेला सासू सांगते, "जपून जा गं, अंगावर जोखीम आहे." म्हणजे अंगावर दागिने आहेत, ते सांभाळायची जबाबदारी आहे. धोका आणि जबाबदारी एकाच शब्दात बसली आहे. आम्हाला वाटतं, बायकांनी जोखीम कायम याच अर्थानं सांभाळली. फसलं तर घरात काय उरेल, आणि फसलेलं कोणाच्या अंगावर पडेल, हे आधी बघायचं. आज याच दोन प्रश्नांच्या वाटेनं आपण गेल्या दीडशे वर्षांत एक फेरी मारून येऊ. इतिहास राजांचाच असतो असं नाही. हप्त्याचा, बियाण्याचा आणि चुलीचाही असतो.

बाजरीत तूर कशासाठी

कोरडवाहू गावांतल्या आज्यांना विचारा, पूर्वी नुसती बाजरी कोण पेरत होतं? बाजरीत तूर असायची, मटकी असायची, हुलगा असायचा, बांधाला अंबाडी असायची. बाजरी तीन महिन्यांत हाताला येते, तिला सुरुवातीचा पाऊस लागतो. तूर सहा-सात महिने शेतात उभी राहते, तिचं मूळ खोल जातं, तिला परतीचा पाऊस उपयोगी पडतो. पाऊस लवकर गेला तर बाजरी तरी पदरात. मधे खंड पडून बाजरी वाळली, तरी पुढच्या पावसावर तूर सावरते. हुलगा तर कमी पाण्यावरही तग धरतो. चांगल्या पावसाच्या वर्षी नुसत्या एका पिकात कदाचित जास्त मिळालं असतं. तेवढं जास्तीचं सोडून द्यायचं आणि वाईट वर्षी उपाशी राहायचं नाही, असा हा सौदा होता.

बियाण्याचंही तसंच. चांगली कणसं निवडायची, दाणे राखेत घोळून मडक्यात भरायचे, तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. घरात कितीही चणचण असली तरी ते मडकं फोडायचं नाही. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात ज्वारीसाठी जमिनीत पेवं असायची. नवीन ज्वारी आली तरी पेवातली संपवायची नाही, कारण पुढचं साल कसं जाईल ते कोणाला ठाऊक? आणि मनुष्यबळ कमी पडलं तर सावड होती. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू.

हे कोणी पुस्तकात शिकवलेलं नाही. पण यात जोखीम सांभाळायच्या तीन युक्त्या आहेत. सगळं एकाच ठिकाणी लावायचं नाही. उद्याचं बी आज खायचं नाही. आणि एकटीनं उचलण्याजोगं नसेल ते वाटून घ्यायचं. या युक्त्या मोडल्या की काय होतं, हे आपल्याच पुणे-नगरच्या इतिहासात दिसतं.

सुप्याचा बाजार, १८७५

१८६१ मध्ये तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तुम्ही म्हणाल, त्याचा आपल्याशी काय संबंध? तेव्हा इंग्लंडच्या कापडगिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जायचा. युद्धानं तो थांबला. गिरण्यांना कापूस हवा होता, आणि त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरातल्या सावकारांना पैसे दिले, त्यांनी गावातल्या सावकारांना, आणि गावातल्या सावकारांनी शेतकऱ्याला. कापूस लावला तर एकरी शंभर रुपये उचल मिळू लागली. त्या काळातले शंभर रुपये! आजपर्यंत दहा-वीस रुपयांसाठी दारात उभं करणारा सावकार आपणहून पैसे घेऊन येत होता. १८६० ते १८६४ या चार वर्षांत देशातलं कापसाखालचं क्षेत्र दुप्पट झालं.

काही मोठ्या शेतकऱ्यांचं त्यात भलं झालं. बहुतेकांवर मात्र कर्जाचा डोंगर तेवढा वाढला. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. तिकडचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि इकडचे भाव पडले. भाव पडले तशी उचलही आटली. आता सावकारांना जुने पैसे परत हवे होते. त्याच सुमारास सरकारनं नव्या जमाबंदीत शेतसारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढवला. भाव खाली आला, सारा वर गेला, आणि कर्ज होतं तिथंच राहिलं.

खरं तर राहिलंही नाही, ते वाढत गेलं. १८५९ च्या एका कायद्यानं कर्जखताची मुदत तीन वर्षांची ठरवली होती. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. सावकारांनी त्यातूनच वाट काढली. दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायचं, आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून त्याच्यावर पुन्हा व्याज लावायचं. पुढे चौकशी झाली तेव्हा एक प्रकरण असं निघालं की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं होतं. लिहिता-वाचता न येणारा माणूस अंगठा उठवायचा. कागदावर काय आहे, हे कागद लिहिणाऱ्यालाच माहीत.

नगर जिल्ह्यातल्या मिरजगावच्या रयतेनं कलेक्टरला एक अर्ज केला होता. त्यातल्या तक्रारी वाचल्या की खताच्या मागची चूल दिसते. घरखर्च भागत नाही म्हणून सावकाराकडून पैसा, कापड आणि धान्य मागावं लागतं, आणि तेच कापड, तेच धान्य रोखीच्या भावापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के महाग लावतात. शेतातला माल खात्यावर जमा करतो म्हणून उचलून नेतात, पण खात्यावर मांडत नाहीत. पावतीही देत नाहीत. मैत्रिणींनो, अंगठा घरधन्याचा होता, पण महाग धान्याचा हिशेब चुलीपाशी बसणाऱ्या बाईलाच भागवावा लागत होता.

१२ मे १८७५ रोजी सुपे इथं ठिणगी पडली. सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातलं बाजाराचं गाव. आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर गेले. त्यांची मागणी होती वह्यांची आणि खतांची. हाती आलेली खतं त्यांनी जाळली. धान्याची दुकानं लुटली, काही ठिकाणी घरंही पेटवली. हे लोण पुण्यातून नगर जिल्ह्यात गेलं, तीसहून जास्त गावांत पोचलं. पोलीस आले, लष्कर आलं, शेकडो शेतकऱ्यांना अटक झाली. यालाच इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. आता कोर्टाला नुसत्या खतावर विसंबून न राहता मूळ व्यवहार काय होता ते तपासता येऊ लागलं, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्यामागचा विचार हाच की गरजवंतांनी आपली बचत एकत्र करावी आणि एकमेकांना वाजवी व्याजानं द्यावी. आपल्या गटाची पणजी म्हणायची तर ती ही पतसंस्था.

आता आपले दोन प्रश्न इथं लावून बघा. फसलं तर काय उरतं? बाजरीच्या रानात कापूस लावलेला, तेव्हा खायलाही काही उरलं नाही. फसलं तर कोणाच्या अंगावर? इंग्लंडचा गिरणीवाला, मुंबईचा व्यापारी, शहरातला सावकार, गावातला सावकार अशा चार पायऱ्या होत्या. भाव चढला तेव्हा प्रत्येक पायरीवर नफा थोडा थोडा थांबला. भाव पडला तेव्हा तोटा कुठंच थांबला नाही, सरळ खालच्या पायरीवर येऊन आदळला. सगळी जोखीम शेतकऱ्याच्या अंगावर आहे, हे उचल घेताना त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सात जणी आणि ऐंशी रुपये

आता थोडं पुढं येऊ. १९५९ साल, मुंबईतलं गिरगाव. तिथल्या लोहाणा निवास या इमारतीतल्या सात गुजराती गृहिणी १५ मार्चला गच्चीवर जमल्या. शिक्षण बेताचं, हाताला येत होतं ते पापड लाटणं. भांडवल म्हणून त्यांनी छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून ऐंशी रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. जसवंतीबेन पोपट या त्या सात जणींपैकी एक. ही लिज्जत पापडची सुरुवात.

आज लिज्जत मोठी झाली म्हणून तिचं कौतुक सगळे करतात. आम्हाला तिचं पहिलं वर्ष जास्त शिकण्यासारखं वाटतं. त्यांनी ऐंशी रुपये घेतले, आठ हजार नव्हे. सगळं बुडालं असतं तरी सात जणींत वाटून प्रत्येकीवर साडेअकरा रुपयांच्या आत बोजा आला असता. तो काळ लक्षात घेतला तरी फेडता येण्याजोगा होता. देणगी किंवा मदत घ्यायची नाही, असंही त्यांनी ठरवलं. घ्यायचे ते उसने, आणि फेडायचे. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. कोणी मालकीण नाही, सगळ्या बहिणी.

आणि अडचण आली नाही असं नाही. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. कर्ज मोठं असतं, दर आठवड्याला हप्ता असता, तर हा धंदा त्या पावसाळ्यातच बुडाला असता. जोखीम लहान होती म्हणून त्यांना थांबता आलं, आणि थांबता आलं म्हणून विचार करता आला. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी खाट आणली, खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी पेटवली. पापड वाळले. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि ती चांगली ठेवा. नाव खराब झालं तर ते कुठल्याही उसनवारीनं परत येत नाही. तेव्हा ज्या जोखमीतून पैसा जाईल ती घ्यायची, ज्या जोखमीतून नाव जाईल ती घ्यायची नाही, असाही एक तराजू त्यात आहे.

एकटीच्या अंगावर न पेलणारं

काही संकटं मात्र अशी असतात की कितीही मोजा, कितीही जपा, ती एका घराला पेलत नाहीत. १९७२ चा दुष्काळ तसा होता. आपल्या गटांतल्या साठी-सत्तरीच्या मावश्यांनी तो बघितला आहे. सलग वर्षं पाऊस दगा देत होता आणि १९७२ ला विहिरी तळाला गेल्या. बाजरीत तूर पेरणाऱ्याचीही तूर गेली, मडक्यातलं बियाणंही खाऊन झालं. गावंच्या गावं खडी फोडायला, पाझर तलावाची माती उपसायला गेली. ज्या घरांतल्या बाया कधी उंबरा ओलांडून मजुरीला गेल्या नव्हत्या, त्याही टोपली घेऊन उभ्या राहिल्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. सुकडी आणि मिलो ज्वारी हे शब्द आजही त्यांच्या तोंडून ऐकायला मिळतात.

त्या वेळी लोकांनी सरकारकडे मागितलं ते काम. फुकट धान्याची रांग नको, हाताला काम द्या. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर रुजली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. यासाठी पैसा कुठून आला? १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, तो या योजनेसाठी. म्हणजे मुंबईच्या कचेरीतला कारकून दर महिन्याला थोडे पैसे देत होता आणि त्यातून माणदेशातल्या बाईला मजुरी मिळत होती. पाऊस न पडण्याची जोखीम सगळ्या राज्यानं मिळून वाटून घेतली. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी असा कायदा झाला, त्याची पायवाट आपल्या मावश्यांच्या टोपल्यांनी पाडलेली आहे.

हे सांगायचं कारण असं. "तुमचं तुम्ही बघा, जोखीम घ्या, मोठ्या व्हा," असं आजकाल बायकांना फार सांगितलं जातं. सगळीच जोखीम बाईनं एकटीनं उचलायची नसते. दुष्काळाची, साथीची, गारपिटीची जोखीम समाजानं आणि सरकारनं वाटून घ्यायची असते. काम मागणं, पीकविमा मागणं, रेशन मागणं यात लाज बाळगण्यासारखं काही नाही. आपल्या अंगावर कुठली जोखीम घ्यायची आणि कुठली आपली एकटीची नाही म्हणून ठासून सांगायचं, हे ओळखणं हाही जोखण्याचाच भाग आहे.

खानावळवाल्यांची हमी

त्याच काळात मुंबईच्या गिरणगावात आणखी एक गोष्ट घडत होती. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे. त्यांच्या जेवणाचे डबे चाळीतल्या बाया करायच्या. त्यांना खानावळवाल्या म्हणत. पहाटे उठून दहा-वीस माणसांचा स्वयंपाक. धान्य वाण्याकडून उधार, कामगाराचे पैसे पगार झाल्यावर. मधल्या दिवसांचं व्याज बाईच्या डोक्यावर. आणि गिरणीत संप झाला की कामगार म्हणायचा, "मावशी, पुढच्या महिन्यात देतो." मावशी त्याला उपाशी ठेवायची नाही. संप कामगारांनी केला हे इतिहासात लिहिलं जातं. तो संप किती दिवस तग धरेल, हे बऱ्याचदा मावशीच्या पिठाच्या डब्यावर ठरत होतं.

गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे हेरलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं आणि गरिबांना कर्ज द्या असं बँकांना सांगितलेलं होतं. पण खानावळवालीकडे तारण काय? ना घर, ना जमीन. मग बायांनी एकमेकींना धरून हमी दिली. पहिल्यांदा चौदा जणींनी बँकेचं कर्ज घेतलं आणि फेडलं. मग शेकडो जणी आल्या.

यातली जोखीम कशी जोखली होती बघा. या बायांनी नवा धंदा सुरू करायला कर्ज घेतलं नाही. धंदा चालूच होता, गिऱ्हाईक बांधलेलं होतं, हाताला काम येत होतं. महाग उधारी फेडून स्वस्त कर्ज घेतलं, एवढंच. कर्जानं जोखीम वाढली नाही, उलट कमी झाली. पुढे १९८२ च्या मोठ्या संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या, तेव्हा मंडळानं बाहेरची मोठी जेवणं पुरवायची कामं धरली. गिऱ्हाईक गेलं, हातातली कला राहिली.

आपला गट आणि दारात येणारी कर्जं

मग १९९२ साल आलं. नाबार्डनं देशात पाचशे गट बँकांशी जोडून बघायचा प्रयोग सुरू केला. आज आपण ज्या गटात बसतो त्याची ही सुरुवात. दहा ते वीस जणी, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, नीट लिहिलेलं दप्तर. या पाच गोष्टींना आपण पंचसूत्री म्हणतो आणि तोंडपाठ म्हणून दाखवतो. पण तिचा अर्थ सावड आणि बियाण्याचं मडकं असाच आहे. आधी स्वतःची बचत, मग लहान कर्ज, मग बँक. पायरी पायरीनं. शेजारणीचं घर कसं चालतं ते आपल्याला माहीत असतं, म्हणून तिला किती पेलेल हे आपण बँकेपेक्षा चांगलं जोखतो.

आता सावध होण्याची गोष्ट. शेजारच्या आंध्र प्रदेशात गटांचं काम फार जोरात वाढलं होतं. त्याच गावांत खासगी कर्ज कंपन्या शिरल्या. त्याही बायांचे गट करायच्या, दर आठवड्याला वसुली. एका बाईला एका कंपनीचं कर्ज, मग ते फेडायला दुसऱ्या कंपनीचं, मग तिसऱ्या. सगळ्या जणी एकमेकींना जामीन, म्हणून एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांनाच तिच्या दारात बसवायचं. २०१० मध्ये कर्जापायी आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढून वसुलीला लगाम घालावा लागला. खानावळवाल्यांनी एकमेकींना धरून हमी दिली तेव्हा तो आधार होता. इथं तीच हमी गळ्याला फास झाली. फरक कुठं पडला? खानावळवाल्यांना माहीत होतं कोणाला किती पेलेल. इथं किती द्यायचं ते बाहेरचा माणूस ठरवत होता आणि त्याला आकडा वाढवायचा होता. १८६२ साली आपणहून दारात आलेल्या सावकारासारखाच.

त्यानंतर नियम कडक झाले. रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम सगळ्या जणींनी लक्षात ठेवावा असा आहे. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं लहान कर्ज देताना तारण मागायचं नाही. आमचं म्हणणं एवढंच, की निम्मा ही सरकारनं आखलेली शेवटची रेघ आहे. आपली रेघ आपण तिच्या बरीच अलीकडे आखावी.

पुढच्या बैठकीसाठी

एक उदाहरण मांडून बघू. समजा एका ताईला शेळ्यांसाठी चाळीस हजारांचं कर्ज हवं आहे, दोन वर्षांची फेड, व्याज महिना शेकडा एक. हप्ता साधारण १,९०० रुपये येतो. आता शेळीचा हिशेब. शेळी पाच महिने गाभण राहते, मग करडं विकण्याजोगी व्हायला आणखी सहा-सात महिने तरी जातात. म्हणजे हप्ता पहिल्या महिन्यापासून, आणि शेळीचा पहिला पैसा जवळजवळ वर्षानं. मधले बारा हप्ते कुठून भरणार? मजुरीतून? की दुसरं कर्ज काढून? "शेळी फायद्याची आहे का?" एवढं विचारून हे कळत नाही. शेळी फायद्याचीच आहे. पण फायदा येईपर्यंत घर उभं राहील का, हे जोखायचं असतं.

मग काय, नको म्हणायचं? तसंही नाही. काहीच न करणं हीसुद्धा एक जोखीम आहे. नुसत्या पावसाच्या आणि मजुरीच्या भरवशावर राहणं काही कमी धोक्याचं नाही. ताई चार हजारांची अंतर्गत उचल आणि थोडी स्वतःची बचत घालून एखादी गाभण शेळी घेऊ शकते. पावसाळ्याआधी तिला आंत्रविषाराची लस टोचून घेता येते, विमा उतरवता येतो. एक वेत बघायचं, चारा पुरतो का बघायचं, मग पुढची पायरी चढायची. गच्चीवरची चार पाकिटं आठवा.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक काम करू. ज्यांच्या घरी बाहेरच्या कंपनीचं, पतसंस्थेचं किंवा खासगी कर्ज आहे, त्यांनी तो कागद आणि हप्त्याचं पुस्तक घेऊन यावं. आपल्यातल्या शिकलेल्या मुलींनी तो मोठ्यानं वाचावा. मुद्दल किती, व्याज किती, किती हप्ते गेले, किती राहिले, पावती मिळते का. मिरजगावच्या लोकांनी पावतीसाठी कलेक्टरला अर्ज केला होता, आपण निदान कागद तरी वाचू. मग फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत, फसलं तर घरात काय उरेल, आणि फसलं तर कोणाच्या अंगावर पडेल. ज्या ताईला नवं कर्ज हवं आहे तिनं त्यांची उत्तरं सगळ्यांसमोर द्यावी. उत्तर नीट आलं तर गटानं तिच्या पाठीशी उभं राहावं, मग कोणी तिला आगाऊ म्हणू नये. आणि उत्तर येत नाही म्हणून एखादी थांबली, तर तिला भित्री म्हणू नये.

आजच्यासाठी एवढंच. कागद आणायला विसरू नका. नमस्कार.